तो नक्कल करतो आणि अख्खा वर्ग हसतो

ताई,

मी नववीत आहे. लहानपणापासून मला बोलताना अडखळायला होतं. आमच्या वर्गातला एक मुलगा गेल्या वर्षापासून माझी नक्कल करतो. आधी फक्त हजेरीला करायचा. माझा ‘हजर’ अडकला की मागून ‘ह-ह-ह’. आता कुठेही करतो. त्याच्यासोबत कायम तिघं-चौघं असतात. जिन्यात टपल्या मारतात, दप्तर लपवतात. त्याची प्रयोगवही मीच लिहून देतो. नाही दिली तर काय होईल ते त्याने एकदा दाखवलंय. मागच्या महिन्यात मी भाषेच्या तासाला धडा वाचत होतो, तेव्हा कुणीतरी बाकाखालून व्हिडिओ काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. पाचवीपासून माझ्या शेजारी बसणारा मित्र आता दुसऱ्या बाकावर बसतो. शाळेबाहेर बोलतो, शाळेत नाही.

आई म्हणते दुर्लक्ष कर, कंटाळून सोडून देईल. बाबा म्हणतात एकदा ठेवून दे कानाखाली, परत वाटेला जाणार नाही. सरांना नाव सांगितलं तर सगळे चुगलखोर म्हणतील आणि अजून मारतील. कधी कधी रात्री वाटतं सकाळ होऊच नये. मी बोलायचं बंद केलं तर तो थांबेल का? मी काय करू?

*

तू पत्राखाली नाव लिहिलं आहेस, ते छापत नाही. ज्या खुणांवरून वर्गातल्या कुणी तुला ओळखलं असतं, त्याही काढून टाकल्या आहेत. निर्धास्तपणे वाच.

आधी ‘सकाळ होऊच नये’ या वाक्याबद्दल. पत्राच्या शेवटी तू ते घाईने लिहून पुढे गेलास, पण मी तिथेच थांबले. उद्याची शाळा नको एवढाच त्याचा अर्थ असेल, किंवा त्यापुढचंही काही असेल. काहीही असो, ते आजच्या आज आईच्या किंवा बाबांच्या कानावर गेलं पाहिजे. तोंडाने सांगताना अडकायला होत असेल तर चिठ्ठी लिही, मेसेज कर, नाहीतर हे उत्तरच त्यांच्यासमोर धर. जगणं नको, स्वतःला काही करून घ्यावं, असा विचार एकदा जरी डोकावला असेल, तर रात्री एकटा पडून राहू नकोस. कितीही वाजलेले असू देत, आईला उठव. त्यानंतर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटायचं. मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर अनेक ठिकाणी रात्रीही कुणीतरी ऐकायला असतं, तिथेही बोलता येतं. रोज टोचून घेणाऱ्या माणसाच्या मनात असे विचार येऊ शकतात, त्यात तुझा कमकुवतपणा नाही. पण ते एकट्याने झेलायचे नाहीत, याबाबतीत मी अगदी हट्टी आहे.

आता त्या मुलाकडे येऊ.

आईचा आणि बाबांचा सल्ला वरवर उलट वाटतो, पण दोघांचंही गृहीत एकच आहे: हे भांडण तुझं आणि त्याचं आहे. तू गप्प राहिलास तर तो कंटाळेल, तू मारलंस तर तो घाबरेल. तू लिहिलेलंच परत वाचून बघ. हजेरीच्या वेळी ‘ह-ह-ह’ कुणाला ऐकवायचं असतं? मागच्या बाकांना. व्हिडिओ तुला पाठवला का? नाही, ग्रुपवर टाकला. जिन्यात तो एकटा भेटला तर टपली मारतो का, हे तू लिहिलेलं नाहीस. पण माझा अंदाज आहे की एकटा असताना तो बहुतेक वेळा नुसता निघून जात असेल. त्याला तुझ्याकडून फारसं काही नकोच आहे. त्याला हवी आहेत ती बघणारी माणसं.

हे मी मनाने सांगत नाही. कॅनडात डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या संशोधकांनी शाळेच्या मैदानांवर कॅमेरे आणि माइक लावून मुलांचं सुट्टीतलं वागणं टिपलं होतं. 2001 साली छापून आलेल्या त्यांच्या गटाच्या अभ्यासात दिसलं, की त्रास देण्याच्या दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुलं आजूबाजूला हजर होती. मध्ये पडली ती पाचातल्या एखाद्याच प्रसंगात. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! तू वर्षभर सोसतो आहेस, आणि शेजारच्या कुणी नुसतं ‘बस कर ना’ म्हटलं असतं तरी त्यातले कितीतरी प्रसंग तिथल्या तिथे संपले असते. ते म्हणण्याचं काम तुझं नव्हतं. ते ज्यांचं होतं, ते हसत बसले.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1996 साली या हसणाऱ्यांकडे नीट पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं, की अशा वर्गात त्रास देणारा आणि सोसणारा एवढे दोघंच नसतात. काही त्याला हात देतात, काही हसून चढवतात, बरेच जण नजर वळवतात, आणि थोडे सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहतात. तुझ्या ग्रुपवर हसरे चेहरे टाकणारे सगळे तुझे वैरी नाहीत. बहुतेकांनी ‘आपला नंबर लागू नये’ म्हणून अंगठा दाबला असेल. म्हणून त्यांचं वागणं बरोबर ठरत नाही. पण सगळा वर्ग त्याच्या खिशात आहे असं जे तुला वाटतं, ते खरं नाही.

त्याला हरवणं हे तुझं काम नाही. तू त्याच्या हाती एकटा सापडू नयेस आणि त्याला फुकटचा प्रेक्षक मिळू नये, एवढी व्यवस्था झाली की पुरे. तीही सगळी तू करायची नाहीस. मोठा भाग मोठ्यांनी करायचा आहे आणि त्यांना कामाला कसं लावायचं, ते मी सांगणार आहे.

दुर्लक्ष करण्याबद्दल आईला सांग, की ते वर्षभर करून झालं. कुणी पहिल्यांदा काही बोललं आणि आपण मान न वळवता पुढे गेलो, तर कधी कधी तिथेच संपतं. पण चार जण मिळून रोज तेच करत असतील, तर गप्प राहणाऱ्याला ते आणखी जोरात टोचून बघतात, कधीतरी फुटेलच म्हणून. दप्तर लपवणं आणि वह्या लिहून घेणं याकडे तर दुर्लक्ष करताच येत नाही. ती सरळ सरळ दादागिरी आहे.

बाबांचा राग मला समजतो. पोराला कुणी मारतंय हे ऐकून कुठल्या बापाचं रक्त उसळणार नाही? पण ते चौघं-पाच जण आहेत आणि तू एक. शिवाय पहिल्या दहा टपल्या कुणाला दिसत नाहीत, तुझा एक फटका सरांना दिसतो. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत दोघंही उभे राहता, ‘दोघांचीही चूक आहे’ असं ठरतं आणि वर्षभराचं सगळं त्या एका वाक्यात पुसलं जातं. जिन्यात ढकललं तर स्वतःला सोडवून घे, ओरड, पळ. त्यात काही कमीपणा नाही. पण ठरवून जाऊन मारू नकोस.

आता तुझा प्रश्न: बोलायचं बंद केलं तर तो थांबेल का? नाही थांबणार. तो तुझ्या गप्प बसण्याची नक्कल करेल. तुझं अडखळणं हे त्याच्या वागण्याचं कारण नाही, त्याला हाताशी लागलेलं निमित्त आहे. दुसऱ्या कुणाचं वजन, कुणाचा रंग, कुणाचे जाड भिंगाचे चष्मे अशीच निमित्तं होतात. जगात शंभरातला सुमारे एक माणूस अडखळत बोलतो. त्यामागे मेंदूच्या घडणीचा आणि आनुवंशिकतेचा मोठा भाग असतो. भित्रेपणामुळे कुणी अडखळायला लागत नाही. ताण आला की ते वाढतं एवढंच. तुला स्वतःला हवं असेल तर स्पीच थेरपिस्टकडे जरूर जा, त्याचा उपयोग होतो. पण तो तुझ्या आणि तुझ्या बोलण्यातला मामला राहू दे. ‘आधी हा नीट बोलायला लागू दे, मग त्रास आपोआप थांबेल’ असं कुणी म्हणालं, तर ऐकू नकोस. अडखळत अडखळतच तुला शाळेत निवांत बसण्याचा पूर्ण हक्क आहे.

आज संध्याकाळी एक वही काढ. नवी, कोरी, आणि ती शाळेत न्यायची नाही. त्यात मागच्या महिन्यापासून आठवतील तेवढे प्रसंग लिही. मनाला काय वाटलं ते वेगळ्या पानावर. इथे फक्त कधी, कुठे, कुणी, काय केलं आणि कुणी पाहिलं. असं:

‘मंगळवार, चौथा तास संपल्यावर, मधल्या जिन्यात. त्याने मागून डोक्यावर तीनदा टपली मारली. सोबत दोघं (नावं). “ब-ब-बोल ना” असं म्हणाले. वरच्या वर्गातली दोन मुलं तिथे होती. एक हसला.’

एवढंच. यात ‘नेहमी’, ‘सगळे’, ‘खूप’ असे शब्द नकोत. ‘मला सगळे नेहमी त्रास देतात’ असं सरांना सांगितलं, की सर म्हणतात ‘अरे, मुलं मस्करी करतात’. पण दोन आठवड्यांत सात नोंदी, त्यातल्या पाच त्याच जिन्यातल्या, चौथ्या तासानंतरच्या, असा कागद समोर आला की मस्करी म्हणणं जड जातं. नॉर्वेत या विषयावर आयुष्यभर काम केलेले डॅन ओल्वेयस यांनी 1970च्या दशकापासून जी कसोटी लावली, ती आजही जगभर वापरतात: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याच्यावर होतंय त्याला स्वतःला वाचवणं अवघड जावं असं पारडं असलेलं. तुझी वही या तिन्ही गोष्टी न बोलता दाखवेल. आणि तुझ्यासारख्याला, ज्याला घाईत सांगताना शब्द अडकतात, लिहिलेलं पुढे करता येणं ही मोठी सोय आहे.

वही घेऊन कुणाकडे जायचं? वर्गशिक्षकांकडेच गेलं पाहिजे असं नाही. तू अडखळलास तरी शेवटपर्यंत ऐकून घेणारी, मध्येच तुझा शब्द पूर्ण न करणारी एक व्यक्ती शाळेत असेलच. खेळाचे सर असतील, ग्रंथालयातल्या बाई असतील, समुपदेशक असतील. त्यांना वर्गात, सगळ्यांसमोर गाठू नकोस. शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर भेट. शक्य असेल तर आई किंवा बाबा सोबत असू देत. हातात चिठ्ठी असू दे:

‘सर, मला वर्गातली काही मुलं गेल्या वर्षापासून त्रास देत आहेत. मी सगळं लिहून आणलं आहे. मला बोलताना वेळ लागतो, म्हणून आधी हे वाचा. मला तुमची मदत हवी आहे.’

चुगलखोर ठरण्याची भीती तू लिहिलीस. कुणी फळ्यावर चित्र काढलं म्हणून नाव सांगायला धावणं वेगळं. तुझ्या अंगावर रोज कुणी हात टाकतंय, तुझ्याकडून वह्या लिहून घेतंय, हे सांगणं म्हणजे मदत मागणं. ‘सांगशील तर चुगलखोर’ हा नियम सगळ्यात जास्त कुणाच्या फायद्याचा आहे ते बघ. तुझ्या नक्कीच नाही.

‘सांगितलं तर अजून मारतील’ ही भीती मात्र खरी आहे आणि शाळेनेही ती खरी मानली पाहिजे. शिक्षकांनी चुकीच्या पद्धतीने हाताळलं तर तसं होऊ शकतं. म्हणून भेटीत काय करू नका, हेही स्पष्ट सांगायचं. वर्गात सगळ्यांसमोर माझं नाव घेऊ नका. आम्हा दोघांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा, मित्र व्हा’ असं म्हणू नका. हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो, पण तो दोन बरोबरीच्या मुलांच्या भांडणाला लागू पडतो. इथे त्या खोलीत तो हात मिळवेल आणि बाहेर पडल्यावर वसूल करेल. त्याला वेगळं बोलवा, त्याच्या साथीदारांना एकेकटं बोलवा आणि ‘याने तक्रार केली’ असं न म्हणता ‘आमच्या लक्षात आलंय’ असं सांगा. काय करा, तेही सांग: माझा बाक बदला, चौथ्या तासानंतर त्या जिन्यात कुणीतरी शिक्षक उभे राहू देत, आणि आठवड्याने मला परत बोलावून विचारा.

जिन्यातला शिक्षक ही गोष्ट किरकोळ समजू नकोस. 1983 साली नॉर्वेने देशभर मोहीम काढली तेव्हा ओल्वेयस यांनी आखलेल्या कार्यक्रमात मधल्या सुट्टीत मोठ्यांची नजर वाढवणं, वर्गाचे स्पष्ट नियम ठरवणं आणि त्रास देणाऱ्याशी व सोसणाऱ्याशी वेगवेगळं बोलणं अशीच कामं होती. बर्गन शहराच्या शाळांमध्ये त्यांनी जी पाहणी केली, तिच्यात दोन वर्षांत असे प्रकार जवळपास निम्म्यावर आले. भाषणं आणि भित्तिपत्रकं कुठल्याही शाळेत लागतात. जिन्यात उभं राहायला मात्र माणूस द्यावा लागतो.

प्रयोगवहीचं काय? इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मोठ्यांना सांग, मग नकार दे. उद्या सकाळी जाऊन ‘मी लिहिणार नाही’ म्हणू नकोस, कारण तेव्हा तुझ्या पाठीशी कुणी नसेल. शिक्षकांना कळल्यावर, त्यांच्याशी ठरवून, ‘आता नाही जमणार’ एवढंच म्हण आणि वही परत कर. कारण देऊ नकोस. कारण दिलं की तो त्यावर वाद घालतो. एक सांगून ठेवते: पहिले काही दिवस तो जोर वाढवेल. सवयीची गोष्ट हातातून जाते तेव्हा असं होतं. म्हणजे उपाय फसला असं नाही. पण ते दिवस एकटा राहू नकोस आणि वहीतली नोंद चुकवू नकोस.

‘ठाम आवाजात, न अडखळता, डोळ्यांत डोळे घालून उत्तर दे’ असा सल्ला तुला कुणी ना कुणी देईल. तुझ्यासाठी तो बिनकामाचा आहे. अडखळायचं नाही असं ठरवून बोलायला गेलास की शब्द हमखास अडकतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून दोन गोष्टी घरी करून बघ. एक, न बोलता. ताठ उभा राहा, हाताचा तळवा छातीच्या उंचीवर पुढे धर, त्याच्या कपाळाकडे बघ आणि वळून चालू लाग. माणसं असतील त्या दिशेने. दुसरी, बोलून. ‘हो, मी अडखळतो. माहितीये सगळ्यांना.’ या वाक्यात ‘हो’ अडकला तर अडकू दे. थांब, श्वास घे, वाक्य पूर्ण कर आणि निघ. अडकून पूर्ण केलेलं वाक्य गिळून टाकलेल्या वाक्यापेक्षा कितीतरी भारी असतं. ज्या गोष्टीला तो शस्त्र समजतो, ती तूच सगळ्यांसमोर मान्य केलीस की नक्कल करण्यात फार मजा उरत नाही. पण हे तुला झेपेल त्याच दिवशी, झेपेल त्याच जागी. रोज शूर व्हायची सक्ती नाही.

मित्राबद्दल लिहिताना तुझं अक्षर बदललंय. टपल्यांपेक्षा तो दुसऱ्या बाकावर गेला हे तुला जास्त लागलंय, असं मला वाटतं. लागणारच. तो घाबरला आहे. शाळेबाहेर तो बोलतो यावरून एवढं कळतं, की मैत्री संपलेली नाही, ती शाळेच्या फाटकाशी अडते आहे. त्याला बाहेर गाठ आणि जाब विचारू नकोस. ‘तू का बदललास’ असं म्हटलंस की तो सारवासारव करेल. त्याच्याकडे एक छोटी, जमेल अशी गोष्ट माग: ‘चौथा तास संपला की माझ्यासोबत जिना उतर.’ त्याने कुणाशी भांडायचं नाही, काही बोलायचं नाही. काही झालंच तर फक्त ‘चल, जाऊ’ म्हणून तुला घेऊन निघायचं. ज्या मुलांना एक तरी पाठीशी उभा राहणारा मित्र असतो, त्यांचा छळ वाढत जाण्याचं प्रमाण कमी असतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे. एक मित्र पुरतो. त्याला नाही जमलं तर निराश होऊ नकोस. नजर वळवून बसणाऱ्यांतही तुला एखादा सापडेल, ज्याने त्या व्हिडिओवर काहीच टाकलं नव्हतं. ग्रुप उघडून नीट बघ. कुणी हसले नाहीत, ती नावं काढ.

आणि हे वाचणाऱ्यांत कुणी अशाच वर्गात मागच्या बाकावर बसत असेल, तर त्याला किंवा तिला माझं कळकळीचं सांगणं आहे. हिरो होऊ नका. उद्या फक्त हसू नका. सुट्टीत त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसा, ‘कालचं गणित सुटलं का’ असं काहीतरी साधं विचारा. ग्रुपवर असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका.

व्हिडिओचं बघू. ग्रुपवरचा तो मेसेज, टाकणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आणि खालच्या प्रतिक्रिया यांचे स्क्रीनशॉट काढून आई-बाबांकडे ठेव. रागाने ग्रुप सोडू नकोस आणि चॅट पुसू नकोस, आधी पुरावा. तिथे उत्तर लिहू नकोस. मग ॲपमध्ये तक्रार करण्याची सोय असते ती वापर, आणि ग्रुप चालवणाऱ्याला शिक्षकांकरवी तो काढायला सांग. हे वर्गातल्या तक्रारीहून गंभीर आहे, कारण तुला न विचारता, तासाला, शिक्षक समोर असताना चित्रण झालंय. शाळा टाळाटाळ करायला लागली तर हा मुद्दा आई-बाबांनी सगळ्यात आधी मांडावा.

धडा वाचण्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण तो तास कसा जातो याची मला कल्पना आहे. एकेक बाक वाचत पुढे सरकतो, तू आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार हे मोजत बसतोस, त्यातला अवघड शब्द शोधून ठेवतोस, आणि आधीच्या मुलाने एक ओळ जास्त वाचली की सगळा हिशोब कोलमडतो. त्या तासात धड्यात काय आहे ते डोक्यात शिरतच नाही. हे त्या शिक्षकांना लिहून कळव. क्रमाने वाचायला लावू नका, मी हात वर करेन तेव्हा मला द्या, असं म्हणता येतं. किंवा दोघांनी मिळून एका आवाजात वाचायचं. अडखळणाऱ्या बहुतेकांचं बोलणं दुसऱ्याच्या आवाजासोबत सुरळीत होतं, हे थेरपिस्टही सांगतील. मला विचारशील तर वाचन कायमचं टाळू नकोस. पण कधी आणि कसं वाचायचं हे ठरवण्यात तुझं मत असलं पाहिजे.

तो असं का वागतो, हा प्रश्न तू विचारला नाहीस. बरं केलंस. कुणीतरी तुला सांगेल की त्याच्या घरी काही असेल, तो आतून घाबरट असेल, समजून घे. असेलही. पण ओल्वेयस यांना त्यांच्या अभ्यासात अशा मुलांमध्ये आत दडलेली भीती किंवा न्यूनगंड सरसकट सापडला नव्हता. बऱ्याच जणांना नुसतं वर्गात वरचढ दिसायचं असतं, आणि या वयात त्याची भूक फार असते. त्याला मदतीची गरज असेल तर ती मोठ्यांनी करावी, आणि केलीच पाहिजे. त्याला सुधारण्याचं ओझं ज्याने मार खाल्ला त्याच्या डोक्यावर नको.

बाबांना ही वही दाखव. मला वाटतं तू त्यांना फक्त ‘एक मुलगा चिडवतो’ एवढंच सांगितलं आहेस, आणि तेवढ्यावर त्यांनी तेवढंच उत्तर दिलं. पूर्ण वाचल्यावर ते वेगळं बोलतील. एक विनंती मात्र त्यांना माझ्याकडून कर: त्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांना फैलावर घेऊ नका. तिथे दोन बापांचं भांडण सुरू होतं आणि मुलगा बाजूला राहतो. त्यांचा आवाज शाळेत, कागदावर उमटू दे.

शिक्षकांना भेटल्यावर पंधरा दिवस दे. तेवढ्यात बाक बदलला नाही, जिन्यात कुणी दिसलं नाही, तुला परत कुणी विचारलं नाही, तर आई-बाबांनी मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्यायचं. वहीतल्या नोंदींची प्रत आणि स्क्रीनशॉट जोडायचे, शाळा काय करणार आणि कधीपर्यंत हे लेखी मागायचं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. तोंडी भेटींत ‘बघतो’ यापुढे गाडी सरकत नाही. पोच असलेल्या पत्राला उत्तर द्यावं लागतं. त्यानंतरही काही हललं नाही तर शाळेच्या वरच्या अधिकाऱ्यांकडे जायचं, आणि मारहाण झाली तर त्याची वाटही बघायची नाही. शाळा बदलण्याचा विषय घरात निघेल. तुला मनापासून हवी असेल तर ती पळून जाणं नाही, नवीन वर्गात मोकळा श्वास मिळतो. पण ‘तूच जा, म्हणजे प्रश्न मिटेल’ असं शाळा म्हणाली, तर आई-बाबांनी ते मुकाट्याने ऐकू नये.

पंधरा दिवसांनी मला परत लिही. सरांनी तुला बोलावलं का, प्रयोगवही परत केल्यावर काय झालं, मित्र जिन्यात सोबत आला का, हे कळव. मुख्याध्यापकांना पत्र द्यायची वेळ आलीच, तर तुझ्या नोंदी पाठव. मसुदा आपण मिळून करू.

तुझी,
ताई